मॉड्यूल एकमेकांशी बोलेनाशी झाली की: मीटर लावण्याआधीची तयारी

डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम पेटले आणि स्कॅनरवर 'यू'ने सुरू होणाऱ्या, म्हणजे संपर्क तुटल्याच्या, कोडची रांग लागली, की हात आधी महागड्या मॉड्यूलकडे (गाडीतला एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरकडे) जातो. तो आवरा. अशा गाडीचं निम्मं काम कागदावर होतं, म्हणून सगळ्यात आधी वही आणि पेन.

स्कॅनर असा हवा की जो फक्त इंजिनचेच नाही, तर गाडीतल्या झाडून सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचेल. एकही कोड पुसण्याआधी सगळे उतरवून घ्या. आत्ताचा कोणता, जुना साठलेला कोणता, तेही लिहा. कोड कुठला आला यापेक्षा तो कोणाच्या पोटातून निघाला हे जास्त कामाचं. यू ०१२१ म्हणजे एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मॉड्यूलशी संपर्क तुटला. हा कोड एबीएसमध्ये सापडत नाही, तक्रार करणाऱ्याकडे सापडतो. म्हणून वहीत एका बाजूला तक्रारदार लिहा, दुसऱ्या बाजूला आरोपी. इंजिन, गिअरबॉक्स आणि मीटर कन्सोल या तिघांचं बोट एबीएसकडे असेल आणि एबीएस स्कॅनरलाही उत्तर देत नसेल, तर एबीएसची वीज, अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी परतीची वायर) किंवा त्याच्यापर्यंतची वायर बघायची. एकटं मीटर कन्सोल ओरडतंय आणि बाकीच्यांचं एबीएसशी छान चाललंय, तर दुखणं बहुधा कन्सोलच्याच बाजूला. कोणीच कोणाला ओळखत नसेल तर अख्खी लाइन, म्हणजे सगळ्या मॉड्यूलना जोडणारी दोन वायरींची जोडी, बसली आहे. एवढं कळायला एकही स्क्रू काढावा लागत नाही.

मग मालकाला विचारा. बॅटरी नुकतीच बदलली का, पुढची काच काढून बसवली का, नवी म्युझिक सिस्टिम, अलार्म किंवा ट्रॅकर लावला का, गाडीत पाणी शिरलं होतं का. ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायच्या जागी) काही अडकवलेलं असेल तर ते काढून पुन्हा स्कॅन करा. हा प्रश्न विचारायचा राहून गेला म्हणून मी एकदा अर्धा दिवस डॅशबोर्ड उघडून बसलो होतो. लाइन गोंधळवत होतं ते सॉकेटमागे चिकटटेपने बांधलेलं यंत्र.

बॅटरीला बगल देऊ नका. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं की मॉड्यूल क्षणभर झोपतात, आणि बाकीचे त्यांच्या नावाने कोड टाकून मोकळे होतात. इग्निशन बराच वेळ ऑन ठेवून तपासायचं असेल तर आधी चार्जर जोडा.

सर्किट डायग्रॅम त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा मिळवा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: कोणत्या लाइनवर कोण बसलंय, लाइनच्या दोन टोकांचे १२० ओहमचे दोन रेझिस्टर कोणाच्या आत आहेत, जोड कुठे आहेत आणि मध्ये गेटवे (वेगवेगळ्या लाइनी एकमेकींना जोडणारं मॉड्यूल) आहे का. गेटवे असेल तर ओबीडी सॉकेटवर घेतलेलं माप गेटवेपर्यंतचंच असतं, पलीकडच्या लाइनबद्दल ते काहीच सांगत नाही. इथे भलेभले फसतात.

आता मल्टिमीटर. रेझिस्टन्स मोजताना बॅटरीची वायर काढलेली हवी आणि मॉड्यूल झोपायला काही मिनिटं दिलेली हवीत. नेहमीच्या कॅन लाइनवर (मॉड्यूलच्या या दोन वायरींवरच्या बोलण्याच्या पद्धतीचं नाव कॅन) ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ६० ओहमच्या जवळपास दिसलं पाहिजे, कारण दोन टोकांचे १२०-१२० समांतर येतात. १२० दिसलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ दिसलं तर दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्यात. ४० दिसलं तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, बहुतेकदा चुकीचा पार्ट बसवून. पण ६० दिसले म्हणून खूश होऊ नका. मधल्या एखाद्या मॉड्यूलकडे जाणारी फांदी तुटली तरी ६० जागचे हलत नाहीत.

बॅटरी जोडून इग्निशन ऑन केल्यावर व्होल्टेज बघा. लाइन शांत असताना दोन्ही वायरवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना त्यातली एक, कॅन-हाय, ३.५कडे चढते, दुसरी, कॅन-लो, १.५कडे उतरते. मीटर सरासरी दाखवतं, त्यामुळे साधारण २.६-२.७ आणि २.३-२.४ दिसतील, बेरीज पाचच्या आसपास. एखादी वायर शून्यावर चिकटलेली दिसली तर अर्थशी शॉर्ट, बारावर दिसली तर बॅटरीच्या वायरशी. ५०० केबीपीएसच्या (सेकंदाला पाच लाख बिटच्या) लाइनवर एक बिट दोन मायक्रोसेकंदांचा असतो. मीटरला तो दिसणं शक्यच नाही, म्हणून दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर मागून आणा.

वीज आणि अर्थ मात्र ओहममध्ये तपासू नका. एकच तार शिल्लक राहिलेली वायरही मीटरवर ठणठणीत दिसते. कनेक्टर काढून तिथे हेडलाइटचा बल्ब पेटवून बघा. बल्ब चालू असताना अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर अर्थचा बोल्ट उघडून घासा. बल्बचा हा खेळ भरपूर करंट देणाऱ्या मुख्य वायरींवरच, सिग्नलच्या बारीक वायरींवर नाही. आणि एअरबॅगच्या सर्किटला बल्ब, टेस्ट लॅम्प काहीही लावायचं नाही.

कनेक्टरच्या पिनांमध्ये मीटरची जाड सुई खुपसू नका, पिना सैल होतात आणि नवा दोष तुमचाच. मागून घालायच्या बारीक सुया जवळ ठेवा. टॉर्च हवाच: कार्पेटखाली ओल, पिनांवर हिरवा गंज आणि दरवाजाच्या बिजागरीजवळचं रबरी नळकांडं, या तीन जागा आधी बघा. वायर जोडावी लागली तर कॅनच्या दोन वायरींचा एकमेकींभोवतीचा पीळ शक्य तितका तसाच ठेवा. दोन्ही वायरवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा म्हणूनच तो पीळ दिलेला असतो.

अख्खी लाइन बसली असेल तर मॉड्यूल एकेक करून काढत जावं लागतं. दर वेळी इग्निशन बंद करा, आणि कोणतं कधी काढलं ते लिहा. रेझिस्टर ज्याच्या आत आहे ते मॉड्यूल काढलं की १२० दिसणारच. तो दोष नव्हे.

नवं मॉड्यूल मागवायची वेळ आलीच, तर जुन्याच्या कनेक्टरवर लोड (बल्ब) टाकून वीज आणि अर्थ, आणि लोड न टाकता दोन्ही कॅन वायर पोचतात हे वहीत लिहिलेलं असू द्या, त्याखाली पार्ट नंबर, आणि कोडिंग (नवं मॉड्यूल गाडीशी जुळवून घेणं) करणारं सॉफ्टवेअर कोणाकडे आहे हेही.