वापरलेली शिडाची बोट घेताना कागदपत्रे कशी तपासावीत

धोम किंवा कोयनेच्या जलाशयात आपली शिडाची बोट असावी, या हौसेपोटी सातारा-वाईकडची मंडळी मुंबई-गोव्याकडे वापरलेली बोट पाहायला जातात, दिवसभर शीड, डोलकाठी आणि सुकाणू निरखतात आणि कागद मात्र सर्वांत शेवटी मागतात. सातबारा पाहिल्याशिवाय आपण शेताचा इसार देत नाही. बोटीचाही देऊ नये.

प्रथम विक्रेता खरोखर मालक आहे का, हे पाहावे. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडेच मालकी नसेल, तर पैसे चोख मोजूनही ती सहसा आपल्याकडे येत नाही. म्हणून मूळ खरेदीची पावती, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा कागद आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव यांची साखळी जुळवावी. मालक वारले असतील तर सर्व वारसांच्या आणि भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या घ्याव्यात. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज असल्यास बोजा उतरल्याचा दाखला हवा. बोट परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्काचे 'बिल ऑफ एंट्री', म्हणजे आयातीची नोंद असलेला कागद, मागावेच.

मग बोटीवरील व इंजिनावरील क्रमांक कागदांशी पडताळावेत, आणि येथे घाई करू नये. मी पाहिलेल्या एका बोटीच्या इंजिनावरील क्रमांकाची पट्टी खाऱ्या हवेने पांढरी पडली होती. ओल्या फडक्याने पुसून मोबाईलचा उजेड तिरपा धरला, तेव्हा पावतीवरील 6 च्या जागी 8 दिसला. विक्रेत्याने दुरुस्त पावती आणेपर्यंत आम्ही व्यवहार थांबवला.

नोंदणीचा मार्ग इंजिनावर ठरतो. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जहाज अधिनियम, 2021 नुसार यांत्रिक बोटीला सर्वेक्षण (म्हणजे बोटीची अधिकृत तपासणी), नोंदणी आणि विमा लागतो; आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. शिडाला जोड म्हणून छोटे इंजिन लावले तरी बोट यांत्रिक ठरू शकते, म्हणून मंडळाकडे आधीच लेखी विचारावे. निव्वळ शिडाच्या बोटीच्या नोंदीची तरतूद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आहे.

विक्री करार 500 रुपयांच्या मुद्रांकावर करून त्यात बोटीचे व इंजिनाचे क्रमांक, शिडे आणि इतर सामान नोंदवावे. उरलेली रक्कम बँकेतूनच द्यावी, आणि तीही मालकी हस्तांतरणाच्या अर्जावर विक्रेत्याची सही झाल्यावर. बोट ट्रकवर चढवण्यापूर्वी जलाशयात ती उतरवण्याची जलसंपदा विभागाची आणि कोयना अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचीही परवानगी हातात असावी.