एमजीबीच्या दोन कार्ब्युरेटरना हात लावण्याआधी

जुन्या एमजीबीचे (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) जोडीचे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग, ट्यून करायचे असतील तर अर्धी सकाळ त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. गाडी मिसिंग करायला लागली की आपण थेट मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) नट फिरवतो आणि दोष निघतो पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचमध्ये. माझा एक अख्खा रविवार असाच गेलाय.

इंजिन थंडगार असतानाच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, उरकून घ्या: ०.०१५ इंच. व्हॉल्व्ह आठ, पण हिशेब नऊचा: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला तपासायचा, सातवा उघडा असताना दुसरा, असं बेरीज नऊ धरत जायचं. मग पॉइंट ०.०१५, प्लग ०.०२५ आणि शेवटी ठिणगीचं टायमिंग. एअर फिल्टर काढून बाजूला ठेवा.

आता कार्ब्युरेटर. डॅशपॉट (कार्ब्युरेटरवरची घुमटासारखी टोपी) काढण्याआधी पुढचा-मागचा अशी खूण करा. पिस्टन आणि त्याची टोपी जोडीनेच बनलेली असते, अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो. पुसून परत बसवल्यावर बोटाने उचलून सोडा. खाली ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायलाच हवा. नाही आला तर जेट (पेट्रोल वर येतं ती बारीक नळी) मध्यावर नाही किंवा आत घाण आहे, आणि ते निस्तरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचं तेल घाला. थ्रॉटलचा दांडा वर-खाली हलवून बघा. खुळखुळत असेल तर तिथून हवा आत जाते आणि मग कितीही ट्यून करा, आयडलिंग टिकत नाही. मी आधी हेच बघतो.

एसयूचे एचएस४ मॉडेल असतील तर दोन्ही जेट पुलाच्या (पिस्टन खाली टेकतो त्या भागाच्या) पातळीला आणून नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे षटकोनी नटाच्या बारा कडा, खाली घ्या. ही फक्त सुरुवात. चोकची केबल सैल आहे ना, तेही बघा.

या गाडीत एक्झॉस्ट कार्ब्युरेटरच्या बरोब्बर खाली आहे, तेव्हा पेट्रोल ठिबकत नाही ना ते बघा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. मग पंधरा मिनिटं गाडी फिरवून इंजिन नीट तापवून आणा. आल्यावर दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करा, नाहीतर एकाचा स्क्रू फिरवताना दुसराही हलतो. मग हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हींचा फुस्स आवाज सारखा येईपर्यंत फक्त आयडलिंगचे स्क्रू. मिक्श्चर त्यानंतर.