उपयोजित कलेचं शेवटचं वर्ष: कामाला लागण्याआधीची तयारी

ही यादी उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात, मांडणी, पॅकेजिंग अशा कामांच्या शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षात असलेल्यांसाठी आहे, आणि नुकतंच कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्यांसाठीही. मुंबईचं जेजे असो, पुण्याचं अभिनव असो की गोव्याचं कला महाविद्यालय, या वर्षात चर्चा बहुतेक एकच असते: कुठलं सॉफ्टवेअर पक्कं करायचं आणि कुठल्या एजन्सीत अर्ज टाकायचा. सॉफ्टवेअर येणारे आज पुष्कळ आहेत. देवनागरी अक्षर नीट बसवणारे, छापखान्यात निर्धास्तपणे फाइल देणारे आणि कामाच्या अटी आधी लिहून घेणारे मात्र फार कमी आहेत. मराठी मुलखात काम करायचं असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांची आखणी या तीन गोष्टींभोवती करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात अक्षरापासून करा. जेजेमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं अक्षरलेखन हा हाताने, ब्रशने आणि बोरूने करायचा विषय होता. हाताने अक्षर काढण्याच्या त्या काळातच कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार घडले. नाटकाच्या जाहिरातीत त्यांनी काढलेलं शीर्षक पाहिलं की नाटक गंभीर आहे की विनोदी, हे वाचण्याआधीच कळायचं. र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून संगणकावरच्या अक्षरापर्यंतचा प्रवास केला. विंडोजसाठीचा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. जुनी वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंक ग्रंथालयात सहज मिळतात. तिथे बसून यांची आणि इतर अक्षरकारांची शीर्षकं हाताने उतरवून काढा. जाड-बारीक रेषा कुठे बदलते, शिरोरेषा कुठे तोडली आहे, दोन अक्षरांमधली पोकळी कशी भरली आहे, हे नुसतं बघून कळत नाही, काढल्यावर कळतं. रोज अर्धा तास दिलात तरी काही महिन्यांत तुमची नजर बदलेल.

मग संगणकाकडे वळा. इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फोटोशॉप या तिन्हींत भारतीय लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी चालू केली आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. ती बंद असली की ‘किल्ला’ शब्दातली पहिली वेलांटी क-च्या आधी दिसण्याऐवजी नंतर दिसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. अशी चूक घेऊन छापलेले फलक रस्त्यावर रोज दिसतात. त्यानंतर मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. चांगल्या युनिकोड (अक्षरांच्या जागतिक संकेत-क्रमांकांवर चालणाऱ्या) फॉन्टमध्ये ल आणि श या अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं असतात. भाषा निवडली की मराठी रूपं आपोआप येतात. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श सवयीचा आहे. तो बदलला की वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

कुठलाही नवा फॉन्ट कामाला घेण्याआधी एक चाचणी-ओळ बनवून ठेवा आणि ती त्यात टाइप करून पाहा. माझ्या मते तिच्यात ज्ञ, क्ष, ळ, श्री, द्ध, ट्ट, र्वी, ऱ्या आणि ॲ एवढं तरी हवं. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये उशिरा आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘ऱ्या’ला तर कधीही विसरू नका: पत्रिकेत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांची अदलाबदल झाली तर यजमान तुम्हाला पुन्हा काम देणार नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. वर रफार आणि मात्रा, खाली उकार, यांना जागा लागते. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, हेही लक्षात असू द्या. आणि अगदी लहान आकारात ध-घ, भ-म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा खाचेवर टिकून असतो, म्हणून औषधाच्या किंवा खाद्यपदार्थाच्या लेबलवर बारीक मजकुराला जाड फॉन्ट वापरू नका. फॉन्ट विकत घ्यायला सुरुवातीला पैसे नसतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतात, व्यावसायिक कामातही ते विनामूल्य वापरता येतात. चोरीचा फॉन्ट क्लायंटच्या बोधचिन्हात वापरू नका. उद्या प्रश्न आला तर तो त्याच्या दारात जाईल आणि तिथून तुमच्याकडे.

श्रीलिपी या जुन्या देवनागरी सॉफ्टवेअरची तोंडओळखही करून घ्या. छापखान्यांत आणि प्रकाशकांकडे कितीतरी जुना मजकूर अशा बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये पडून आहे. तो उघडला आणि फॉन्ट बदलला की सगळ्याची विचित्र चिन्हं होतात. तो युनिकोडमध्ये कसा आणायचा आणि आणल्यावर काय-काय तपासायचं, हे येणाऱ्या माणसाला लगेच काम मिळतं. टायपिंग इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकावर शिका. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२मध्ये वाढवलेले ४ असे एकूण १८ लेखननियम एकदा बसून वाचून काढा. मुद्रितशोधन हे तुमचं काम नाही असं कोणी म्हणेल, पण चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ मोठ्या टाइपात मांडणारा हात तुमचाच असतो.

आता पोर्टफोलिओ. दहा-बारा कामं पुरेत, आणि त्यांतली निम्मी तरी खऱ्या माणसांसाठी केलेली असावीत. मोठ्या ब्रँडचं बोधचिन्ह आपल्या मनाने बदलून दाखवण्याला मी फारसं महत्त्व देत नाही, कारण तिथे अडचण कुठलीच नसते. त्यापेक्षा जवळच्या बचत गटाच्या लोणच्याचं लेबल करा. त्या लेबलवर घटक पदार्थ, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाची तारीख, तक्रारीसाठीचा पत्ता, १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांक आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका हे सगळं बसवायचं असतं. बरणी गोल असल्यामुळे समोरून लेबलचा थोडाच भाग दिसतो. मालकिणीला आपलं नाव मोठं हवं असतं आणि छपाई दोन रंगांतच परवडते. हे सगळं सांभाळून जे लेबल उभं राहील, त्यातून कला-दिग्दर्शकाला तुमच्याबद्दल पुष्कळ समजतं. गावच्या वाचनालयाचे दिशाफलक, एसटी स्थानकावरच्या वेळापत्रकाची नवी मांडणी, एखाद्या छोट्या नाट्यसंस्थेचं तिकीट आणि पोस्टर, अशी कामं शोधलीत तर कमी पडणार नाहीत. प्रत्येक कामाबरोबर आधीची कच्ची रेखाटनं, नाकारलेला एखादा पर्याय आणि तो का नाकारला याच्या दोन ओळी ठेवा. गटाने केलेल्या कामात तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा. पीडीएफ हलकी ठेवा आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव घाला. ‘फायनल-न्यू-२’ नावाची फाइल उघडणाऱ्याला ती कोणाची हेच कळत नाही. एकच पोर्टफोलिओ सगळीकडे पाठवू नका: प्रकाशकाला पुस्तकं आधी दिसावीत, पॅकेजिंग स्टुडिओला खोके आणि लेबलं.

सोशल मीडियाच्या पोस्टवर सगळा भर ठेवू नये, एवढं इथेच सांगतो. ती कामं येतात आणि महिन्याचं भाडं निघतं, पण छोटे दुकानदार आता ती कॅनव्हावर आणि एआयच्या मदतीने स्वतःच करू लागले आहेत.

छापखाना हा या यादीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. कॉलेजच्या शेवटच्या सुट्टीत एखाद्या ऑफसेट छापखान्यात रोज जाऊन बसा. मालकाला नम्रपणे विचारा, हाताखाली काम करायची तयारी दाखवा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मशीनमनला ‘काका’ म्हणून प्रश्न विचारा. त्यांच्याइतकं शाईबद्दल कोणी शिकवत नाही. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट का होतो, साध्या मॅपलिथो कागदावर शाई कशी पसरते आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर कशी बसते, ९० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) आणि ३०० जीएसएमचे कागद हाताला कसे लागतात, डेमी आणि क्राऊन आकाराचं पुस्तक किती कागदातून निघतं, हे सगळं तिथे डोळ्यांसमोर घडतं. सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या, पुस्तिकेची पानं चारच्या पटीत का लागतात, हेही एकदा कागद दुमडून पाहिलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

मग स्वतःची एक तपासणी लावून घ्या आणि फाइल पाठवण्याआधी दरवेळी तीच वापरा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, आहेत. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय आहेत. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कटिंगच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) आहे आणि कटिंगच्या रेषेपासून मजकूर आत आहे. मुख्य मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा आहे, चार शाया मिसळून केलेला नाही. नाहीतर रजिस्ट्रेशन (शायांचं एकमेकांवर नेमकं बसणं) किंचित हललं तरी प्रत्येक वेलांटीला रंगीत सावली पडते. गडद रंगावर पांढरी बारीक देवनागरी अक्षरं टाळली आहेत, कारण शाई पसरून त्यांची पोटं भरतात. मजकूर कर्व्ह केला आहे (अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर केलं आहे), आणि कर्व्ह केल्यानंतर पुन्हा एकदा वाचला आहे. न कर्व्ह केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवली आहे. शेवटच्या प्रूफवर क्लायंटची सही किंवा ‘छापायला हरकत नाही’ असा ईमेल आहे. ही शेवटची गोष्ट मिळेपर्यंत छपाईची प्लेट काढू देऊ नका.

दिवाळी अंकांचा हंगाम वर्षाच्या आखणीत आधीच धरा. १९०९मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा नवख्या मांडणीकाराला काम मिळवून देणारी आहे. पावसाळ्यात जाहिराती आणि कथाचित्रं सुरू होतात, गणपतीनंतर घाई होते. संपादकांना भेटायचं ते जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये कोणाला बोलायला वेळ नसतो.

पहिली नोकरी की स्वतंत्र काम, या प्रश्नावर माझा कल नोकरीकडे आहे, निदान दोन वर्षांसाठी. मोठं नाव असलेल्या एजन्सीपेक्षा पाच-सात माणसांचा स्टुडिओ निवडा, जिथे काम पहिल्या भेटीपासून छपाईपर्यंत तुमच्या हातून जातं. मुलाखतीत काम कोण तपासणार, कामाचे तास किती आणि केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे विचारा. विनावेतन इंटर्नशिप महिन्याभरापेक्षा जास्त करू नका. पुढे शिकायचं असेल तर एम. डेस. या डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते. पण काम केल्यानंतर तिथे गेलेल्यांना आपल्याला काय शिकायचंय हे जास्त नेमकं माहीत असतं.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी खरे रंग दाखवणारा स्क्रीन असला की झालं. सगळ्या कामाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. अडोबीचं मासिक भाडं सुरुवातीला झेपत नसेल तर इंकस्केप आणि स्क्रायबस विनामूल्य आहेत.

आणि आता ते, जे कॉलेजात कोणी शिकवत नाही. काम सुरू करण्याआधी एक साधा ईमेल लिहा: काम काय, पर्याय किती, दुरुस्त्या किती वेळा, त्यापुढच्या दुरुस्तीचे पैसे किती, तारखा कुठल्या, शेवटी कुठल्या फाइली देणार, पैसे कधी. समोरच्याकडून ‘मान्य’ एवढं उत्तर मागा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. काका-मामांच्या ओळखीचं काम असेल तर हा ईमेल जास्तच गरजेचा, कारण तिथे पैशांचं बोलणं पुढे-पुढे ढकललं जातं आणि शेवटी नात्यावर येतं.

हक्कांचं गणित समजून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालक-कंपनी असते. स्वतंत्रपणे केलेल्या बोधचिन्हाचे हक्क मात्र सहसा तुमच्याकडे असतात आणि ते लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून पूर्ण रक्कम हातात आल्यावर हक्क क्लायंटला देतो असं एक वाक्य अटींमध्ये ठेवा. त्याने दोन्ही बाजूंना स्वस्थता मिळते.

स्वतंत्र काम सुरू कराल त्याच आठवड्यात उद्यम ही लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी करा. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण विनामूल्य आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या आणि शुल्क मागणाऱ्या साइटपासून सावध राहा. या नोंदणीचा खरा उपयोग थकलेल्या बिलासाठी होतो. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब खात्यातला माणूस ते बिल खाली सरकवताना विचार करतो. बिलांना ओळीने क्रमांक द्या, पॅन लिहा, कामासाठी वेगळं बँक खातं ठेवा. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका. कंपन्या व्यावसायिक फीवर बहुधा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही हे दर तिमाहीनंतर आयकराच्या संकेतस्थळावर पाहा, दिसत नसेल तर लगेच त्या कंपनीच्या हिशेब खात्याला लिहा, आणि उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरा. नव्या मुलांचे हे पैसे बऱ्याचदा पूर्ण परत मिळण्यासारखे असतात.