बाहेर जेवताना व्हीगन मंडळी हमखास करतात त्या चुका

व्हीगन होऊन, म्हणजे मांस-मासेच नव्हे तर अंडी, दूध आणि मधही सोडून, महिना-दोन महिने झालेला माणूस लगेच ओळखू येतो. त्याच्याकडे हॉटेलांबद्दलच्या तक्रारींचा भरपूर साठा असतो. सूपमध्ये क्रीम निघालं. वेटरला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळे पोटभर जेवले आणि मी काकडी-टोमॅटो चघळत बसलो, बिल मात्र सगळ्यांएवढंच. तक्रारी खऱ्या असतात, वाद नाही. पण मी त्यावर एकच विचारते: ऑर्डर देताना नक्की काय बोललास? उत्तर ऐकलं की बऱ्याच प्रकरणांचा तिथेच उलगडा होतो. उरलेल्या ठिकाणी हॉटेलच वाईट असतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

‘हे व्हीगन आहे ना?’ असं विचारणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. त्या ‘ना’मध्येच उत्तर दडलेलं असतं. वेटर घाईत असतो, पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही, समोरचं गिऱ्हाईक आशेने बघतंय; तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने तो पदार्थ शिजताना कधी पाहिलेलाच नसतो.

एका मैत्रिणीच्या बढतीची पार्टी होती, इटालियन हॉटेलात. ती नुकतीच व्हीगन झालेली. तिने मशरूमचा रिसोटो निवडला, ‘व्हीगन आहे ना?’ विचारलं, ‘हो’ मिळालं, विषय संपला. बशी आली तेव्हा रिसोटो तुकतुकीत चमकत होता. थोडी चमक भाताच्या पिठूळपणाने येते, पण इतकी नाही. मी वेटरला बाजूला घेऊन म्हटलं, ‘आत जाऊन एवढंच विचारून या, आचेवरून उतरवल्यावर शेफ यात काय घालतात.’ तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. लोणी आणि परमेझान. यात शेफचं काहीच चुकलं नव्हतं. रिसोटो शेवटी लोणी आणि चीज घालून घोटायचा, हीच इटलीतली रीत. तिला मांतेकातुरा म्हणतात. आणि अस्सल परमेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या पदार्थाने विरजतात, म्हणजे ते व्हीगन सोडाच, शाकाहारीसुद्धा नाही.

तोवर मैत्रिणीची अर्धी बशी रिकामी झाली होती. ती वेटरवर भडकली, मॅनेजर आला, टेबलावरचे सगळे खाली माना घालून बसले. तो वेटर बिचारा ‘मशरूम आणि भातच तर आहे’ एवढंच पुटपुटत राहिला. शेवटी शेफने ऑलिव्ह तेलात दुसरा रिसोटो करून दिला, आणि फार छान दिला. पण तो येईपर्यंत बाकीच्यांचं जेवण आटोपलं होतं. आधी सांगितलं असतं तर हाच रिसोटो त्याने पहिल्याच फेरीत आनंदाने केला असता.

म्हणून मी ‘व्हीगन’ हा शब्द एकदा उच्चारते, ओळख म्हणून, आणि लगेच तीन प्रश्न विचारते. कशात परतलंय? कशात शिजवलंय? शेवटी वरून काय घातलंय? पहिल्या प्रश्नात लोणी, तूप, डुकराची चरबी सापडते. मेक्सिकन हॉटेलातला घोटलेला राजमा पाहायला निरागस, पण तो पारंपरिक पद्धतीने लार्डमध्येच, म्हणजे डुकराच्या चरबीत परततात. दुसऱ्यात स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी, सापडतो. ‘व्हेजिटेबल सूप’ चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवणारी किचन कमी नाहीत, आणि जपानी मिसो सूपच्या बुडाशी बहुधा दाशी असतं, ज्यात कोम्बू या समुद्री शेवाळाबरोबर सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे असतात. नुसत्या कोम्बूचं किंवा शिटाके मशरूमचं दाशीही होतं, तेव्हा ‘दाशी कशाचं?’ एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नात चीज, क्रीम, मध, पावाला चकाकीसाठी लावलेलं अंडं. तिन्ही प्रश्नांना वेटरने किचनमध्ये न जाता उत्तरं दिली तर मी गोड हसून म्हणते, ‘एकदा विचारून याल का?’ यात लाजण्यासारखं काही नाही.

या तीन प्रश्नांतून निसटतात ते तयार मसाले आणि सॉस, कारण ते बाटलीतून येतात आणि खुद्द शेफलाही त्यातलं सगळं आठवत नाही. वूस्टरशायर सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही मासे असतात. थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते, आणि वर फिश सॉस वेगळा. किमची या कोरियन लोणच्यात बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट असू शकतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. शंका असेल तर बाटली बघायला मागा. मी मागते. सहसा आणून दाखवतात.

शाकाहारी हॉटेलात निर्धास्त होणं हा याच चुकीचा भाऊ. जिथे मांस नाही तिथे चव आणायचं काम लोणी, चीज आणि क्रीम करतात. उलट मांसाहारी हॉटेलात बाजूला देतात त्या भाजलेल्या भाज्या कित्येकदा नुसत्या तेलातल्या असतात. माझी चांगली व्हीगन जेवणं अशा अनपेक्षित ठिकाणीही झाली आहेत.

‘हे काढा, ते काढा’

बर्गर सांगायचा, मग चीज नको, मेयो नको, पाव ब्रिऑशचा आहे म्हणजे लोणी-अंडं आलं, तोही नको. उरलं काय? टिक्की आणि लेट्यूसचं पान. वर ‘बघा, व्हीगन लोकांना कसं वागवतात!’ अहो, तुम्ही मागितलं तेच दिलं त्यांनी. प्रत्येक पदार्थाची चव शेफने दोन-तीन गोष्टींवर उभी केलेली असते. त्या काढून टाकल्या आणि बदल्यात काहीच मागितलं नाही, तर जे येईल ते फिकंच असणार.

मी मेन्यू पदार्थांची यादी म्हणून वाचतच नाही. आतल्या कोठीत काय सामान आहे ते त्यातून काढते. एका सॅलडमध्ये छोले दिसले, माशाबरोबर लिंबू आणि केपर्स, म्हणजे खारवलेल्या कळ्या दिसल्या, स्टेकच्या शेजारी भाजलेलं वांगं आणि बटाटे. म्हणजे हे सगळं आत आहे. मग विचारायचं, ‘ते वांगं, छोले आणि केपर्स ऑलिव्ह तेलात एकत्र परतून देता येतील का?’ शांत वेळेला शेफला असं काही करायला आवडतं, रोजचेच पदार्थ करून तोही कंटाळलेला असतो. पास्त्याचंही तेच: सुका पास्ता सहसा डुरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो, ताज्या पास्त्यात बहुधा अंडं. तेव्हा ‘सुका पास्ता, लसूण, तेल, मिरची’ हे जवळपास कुठल्याही इटालियन किचनला जमतं, मेन्यूवर असो वा नसो. कडधान्य किंवा टोफू यांतलं एक तरी ताटात आणा. नुसत्या भाज्यांवर तासाभरात पुन्हा भूक लागते आणि मग शिव्या हॉटेलला बसतात.

भर गर्दीत मात्र असलं काही मागू नका. शनिवारी रात्री साडेआठला, बाहेर रांग असताना तुमच्यासाठी कोणी नवा पदार्थ रचत बसणार नाही, आणि बसूही नये.

आयत्या वेळी जाऊन धडकणं

आठ-दहा जणांचं जेवण ठरतं, हॉटेल दुसऱ्याच कोणीतरी निवडतं, आणि आपला व्हीगन गडी भिडेपोटी गप्प बसतो. ‘होईल काहीतरी.’ काहीतरी होतंच, म्हणजे फ्राइज होतात. या भिडेचं मला कौतुक नाही. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर कोणालाच त्रास झाला नसता. टेबलावर बसून मेन्यू दहा मिनिटं उलटसुलट केल्याने मात्र सगळ्यांना होतो.

फोन दुपारी करा, दुपारची जेवणं आटोपल्यावर आणि संध्याकाळची धावपळ सुरू होण्याआधी. शेफशी किंवा मॅनेजरशी बोला. ‘व्हीगन पर्याय आहेत का?’ या प्रश्नावर ‘हो, सॅलड आहे’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी सांगा, ‘उद्या आमच्यातला एक जण मांस, मासे, अंडी, दूध-लोणी-चीज, मध खात नाही. त्याच्यासाठी पोटभरीचा एक मुख्य पदार्थ होईल का?’ मग त्यांना विचार करू द्या. ठरलेलं बुकिंगच्या नोंदीत लिहायला सांगा आणि पोचल्यावर एकदा आठवण करा, कारण फोन घेणारा संध्याकाळी सुट्टीवर असतो. हा अलिखित नियमच समजा.

काही परंपरांत व्हीगन जेवण आधीपासून बसलेलं आहे, त्याची माहिती नसणं हेही नुकसानच. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस-दूध वर्ज्य करतात, म्हणून तिथल्या हॉटेलात ‘त्सोम’ म्हणजे उपासाचं ताट मागा. नुसती मसुराची आमटी मागाल तर ती मसालेदार तुपातली असू शकते. थायलंडमध्ये ‘जे’ जेवण मागा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं ही त्याची खूण, आणि त्यात कांदा-लसूणही नसतो. जपानमध्ये बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी. या ठिकाणी व्हीगनपणा समजावत बसावं लागत नाही.

ॲलर्जीचं खोटं सांगणं

ही शक्कल नवशिक्यांना कोणीतरी कानात सांगतं: ‘दुधाची ॲलर्जी आहे म्हण, मग नीट करतात.’ करतातही. वेगळं पातेलं काढतात, पाट-सुरी धुतात, हातमोजे बदलतात, बाकीच्या ऑर्डरी थांबतात. आणि मग हेच महाशय शेवटी मित्राच्या तिरामिसूतला, म्हणजे मलईदार चीजच्या गोडातला, एक चमचा घेतात, ‘एवढ्याने काय होतंय’. किचन ते बघतं. पुढच्या वेळी खरोखर जीव धोक्यात असलेल्या माणसाकडे तिथे संशयाने पाहिलं जातं. मला या पळवाटेचा मनापासून राग आहे. ‘मी खात नाही’ हे कारण पुरेसं आहे. ज्यांना खरंच दुधाची ॲलर्जी आहे त्यांनीही लक्षात ठेवावं की व्हीगनची खूण म्हणजे ॲलर्जीची हमी नव्हे. त्याच तव्यावर दुसरं काय भाजलंय ते ती खूण सांगत नाही.

ॲलर्जीचा तक्ता मात्र खुशाल मागा, खोटं न बोलता. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही १४ ॲलर्जनांची माहिती द्यावी लागते. त्यात दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले-माकुळ हे पाच रकाने आपल्या कामाचे. पण मांस, चरबी, मध, डुकराचं किंवा गाईचं जिलेटिन यांना त्यात रकाना नाही. पाचही रकाने कोरे असलेला पदार्थ चिकनच्या स्टॉकमधला असू शकतो. तक्ता बघून प्रश्न तीनावरून दोनावर येतील, शून्यावर नाही.

बाकीच्या, पटापट

फ्राइज म्हणजे सुरक्षित, हे डोक्यातून काढा. कढई कोणती, तेल कोणतं ते विचारा. बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. त्याच तेलात मासे तळलेले चालतात की नाही, हे ज्याचं त्याने घरीच ठरवून निघावं. टेबलावर बसून तत्त्वचिंतन नको.

पेस्टो या तुळशीच्या इटालियन चटणीत चीज असतं. जवळजवळ नेहमीच.

वाइन गाळून नितळ करायला अंड्याचा पांढरा, केसिन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात, बेंटोनाइट मातीही वापरतात. हे वेटरला माहीत असणं शक्य नाही. महत्त्वाचं वाटत असेल तर बाटलीचं नाव घरी शोधून जा.

साखर हाडांच्या कोळशाने शुभ्र केली आहे का, हे हॉटेलात विचारू नका. कोणाला उत्तर ठाऊक नसतं, आणि त्यानंतर तुमचा स्टॉकचा प्रश्नही कोणी मनावर घेत नाही.

हॅपीकाऊसारख्या ॲपवर शोधताना जागेला ‘व्हीगन’ म्हटलंय की ‘व्हेज पर्याय’, आणि शेवटचा अभिप्राय कधीचा आहे, हे दोन्ही बघा. शेफ बदलला की मेन्यू बदलतो, अभिप्राय तसेच राहतात.

चुकीचं ताट आलं तर पहिल्या घासाआधी, आवाज न चढवता परत करा. चीज बाजूला सारून खात बसू नका; घरी जाऊन एक तारा देण्यापेक्षा तिथल्या तिथे सांगितलेलं किचनला उपयोगी पडतं. ताट बदलून आलं की त्याच बशीवरून चीज खरवडलंय का तेही बघा. असं करणारे आहेत.

गोडाच्या बाबतीत मी आशा ठेवतच नाही. सॉर्बे बहुधा फळ, साखर, पाणी असतं, पण क्वचित अंड्याचा पांढरा पडतो. डार्क चॉकलेटमध्येही दूध असू शकतं. विचारून सॉर्बे मिळालं तर घेते, नाहीतर काळी कॉफी.