बाईकवर कॅमेरा न्यायचा तर गाडीला नाही, अंगाला बांधा

मी अंबाजोगाईकडचा. लग्नसराईत फोटोच्या ऑर्डरी करायच्या आणि बाकीच्या दिवसांत कॅमेरा घेऊन बाईकवर हिंडायचं, धारूरचा किल्ला, सौताड्याचा धबधबा, नायगावचे मोर, पैठणचा नाथसागर, पेट्रोल पुरंल तिथपर्यंत. गाडी साधी १२५ ची. बरीच पोरं विचारायलेत की भाऊ कॅमेरा नेता कसा, कोणती बॅग घेऊ. बॅगेचं नंतर बघू, आधी ती ठेवता कुठं ते बघा, कारण माझं नुकसान चांगल्या बॅगेतच झालंय.

झालं असं की थंडीत फ्लेमिंगोसाठी पैठणला निघालो, पाठ दुखत होती म्हणून बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि हुकाच्या इलास्टिक दोरीनं आवळून बांधली. रात्री दोनला निघालेला मी, उजाडायच्या टायमाला पाण्याकाठी पोचलो, बॅग उघडली तर मोठ्या लेन्सचं पुढचं कडं हातात डुगडुगायलंय. कुठं पडलो नाही, कुठं धडकलो नाही. बॅगेच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर मोहरीएवढा एक स्क्रू सापडला. रिपेअरवाल्याकडं नेली तर त्यानं लेन्स कानापाशी नेऊन हलवली आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणला, "पाडली नाही ना? मग बाईकवर मागं बांधून आणली असणार."

आता ह्याच्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळंल. खड्ड्याचा दणका तर आपल्याला जाणवतो, पण इंजिनची बारीक थरथर तासन् तास चालू असते आणि तीच स्क्रू ढिले करते. त्यात मागची सीट म्हणजे चाकाच्या वरच, सगळ्यात जास्त उसळी तिथंच बसते, मागं बसून धारूरचा घाट उतरलेल्या माणसाला इचारा. आजकालच्या लेन्समधी आणि कॅमेऱ्यात फोटो हलू नये म्हणून स्टॅबिलायझर असतो, त्याचा भाग आत तरंगताच असतो, म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद असताना हलवलं की खळखळ ऐकू येते, ती बिघाड नाही, पण त्याला सतत हादरे देणं बरं नाही. मोबाईलचंही तेच, ॲपलनं २०२१ च्या सप्टेंबरात स्वतःच सांगितलं होतं की मोटारसायकलच्या जोरदार थरथरीनं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. त्यामुळं हँडलला मोबाईल लावून मॅप बघायची सवय असंल तर जुना फोन वापरा, नाहीतर थरथर खाणारा रबरी माउंट घ्या.

आपल्या अंगासारखा शॉकअप दुसरा नाही. मांड्या, कंबर, पाठ सगळं मिळून दणका खातं, कॅमेऱ्यापर्यंत थोडाच जातो. म्हणून बॅग पाठीवर, कमरेचा पट्टा आणि छातीचं बकल दोन्ही लावून. नुसत्या खांद्यावर लटकवली तर वळणावर बॅग एका बाजूला जाते आणि गाडीपण तिकडंच ओढते. पट्टे एवढे आवळायचे की बॅगेचं बूड सीटच्या चार बोटं वर राहिलं पाहिजे. सीटवर टेकवली की खांद्याला आराम वाटतो खरा, पण मग ती सीटवर ठेवल्यासारखीच झाली ना! खांदे दुखतात, मान्य आहे, त्याला उपाय एकच, पाऊण तासानं थांबायचं, चहा घ्यायचा.

भरताना मोठी लेन्स कॅमेऱ्याला लावून ठेवू नका. पुढं वजन लटकलं की सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथं अडकते त्या कड्यावर येतो. कॅमेरा बंद करा, दोन सेकंद थांबा, मग लेन्स काढा आणि दोन्हीकडं टोपणं लावा, आणि हे काम घरी करा, रस्त्यावर नाही. छोटी लेन्स लागलेली राहिली तर चालतंय. जड वस्तू पाठीला चिटकून, हलक्या बाहेरच्या बाजूला. रिकामी जागा सोडायची नाही. मी फोमच्या मागं लागलो नाही, आईच्या जुन्या वाकळंचे चौकोनी तुकडे कापले, कडा शिवून घेतल्या, लेन्सभोवती गुंडाळले की बॅग गच्च होते. (आई आठ दिवस बोलली नाही, ती वाकळ तिच्या माहेरची होती म्हणे.) चेन लावल्यावर बॅग दोन्ही हातांनी हलवायची आणि कान देऊन ऐकायचं, काहीबी वाजलं तर परत उघडून भरायची.

ट्रायपॉड मात्र पाठीवर नको. एकदम नको. पडलो तर पाठीवर पडणार आणि मणक्याच्या रेषेत लोखंडी दांडा असला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. माझा एक मित्र पावसाळ्यात सौताड्याकडं काळ्या मातीच्या चिखलात घसरला, स्पीड वीसचा पण नव्हता, ट्रायपॉड बॅगेला उभा बांधलेला, बरगडीला असा मार बसला की दीड महिना कॅमेरा उचलता आला नाही त्याला. ट्रायपॉडला थरथरीनं फार काही होत नाही, तो गाडीला बांधा, सीटच्या कडेनं आडवा, दोन ठिकाणी आवळून, टोक बाहेर न काढता. कॅमेरा गळ्यात लटकवून गाडी चालवणं हाही तसलाच येडेपणा, पट्टा हँडलमधी अडकतो आणि पडलं की कॅमेरा सरळ छातीत घुसतो. स्कूटीच्या डिक्कीत तर ठेवूच नका, खालून इंजिन, वरून आपल्याकडचं ४२-४३ चं ऊन.

धुळीचं काय सांगू, उसाच्या ट्रॉलीमागं पाच किलोमीटर गेलं की भुवया पांढऱ्या होतात, तीच धूळ चेनमधून आत जाते. प्रत्येक लेन्स झिपच्या पॉलिथीनमधी वेगळी ठेवा. काचेवर धूळ दिसली की शर्टानं पुसायचं नाही, ती वाळूच असते, ओरखडे पडतात, आधी ब्लोअर (हातानं दाबून हवा मारायचा रबरी फुगा), मग ब्रश, मग कापड. रस्त्यातच लेन्स बदलायची पाळी आली तर वाऱ्याकडं पाठ करा आणि कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं.

पावसात बाहेरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी मानेवरून पाठ आणि बॅगेच्या मधल्या फटीतून येतं, तिथं कव्हर नसतंच. आत जाड पॉलिथीनची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. सिलिका जेलच्या पुड्या टाका, निळे दाणे गुलाबी झाले (नारंगीवाले असतील तर हिरवे) म्हणजे ओल भरली, तापवून वाळवले की परत चालतात. घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात कोंबली तर लेन्सला बुरशी धरते आणि ती काढायला बराच पैसा जातो.

आता थोडं लांबचं, पण ह्याच विषयातलं. गुलमर्गला गेलो तेव्हा स्नोमोबाईलवर बसलो, चालवणाऱ्याच्या मागं. मला वाटलं बर्फ म्हणजे गादी, दणके कसले, पण दबलेल्या बर्फावर ती गाडी आपल्या खडीच्या रस्त्यासारखीच आदळते, आणि मागचा पट्टा बर्फाचा भुगा उडवतो तो चेनमधी जाऊन बसतो आणि नंतर आत वितळतो. म्हणजे सगळं आपलंच, धुळीऐवजी बर्फ. दोन गोष्टी तेवढ्या वेगळ्या. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. आणि गार कॅमेरा घेऊन बुखारी (तिकडची खोली तापवायची शेगडी) पेटलेल्या खोलीत शिरलं की त्याच्यावर दव धरतं, आतूनसुद्धा. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्यायचं, कॅमेरा पॉलिथीनमधी बंद करायचा, बॅगेची चेन लावायची आणि दोन तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात एसीच्या मंगल कार्यालयातून बाहेर आलो की लेन्सवर धुकं येतं ते हेच, फक्त उलटं.

घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी एक काम करतो, लेन्सचं पुढचं कडं, माउंट आणि ट्रायपॉडची प्लेट (कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसवतात ती) हातानं हलवून बघतो. प्लेटीचा स्क्रू दर फेरीला थोडा तरी ढिला झालेला असतोच. त्याला पाना लागत नाही, नाणं चालतं, माझ्या प्लेटीच्या खाचेत दहाचं जाड पडतं, एक रुपयाचं बरोबर बसतं, म्हणून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक रुपया कायम पडलेला असतो.