सहा वर्षांच्या लेकराच्या दाढेला सीलंट लावायचं का?

लेकरू सहाच्या आसपास आलं की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडणारच आहे' म्हणून कीड तशीच राहू दिली जाते. ही दाढ कायमची आहे. सीलंट म्हणजे दाढेच्या खाचा बुजवून कीड अडवणारा पातळ लेप. त्याचा विचार आधी हिच्यासाठी करा.

समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत जा, पडलेल्या दाताची जागाही धरा. सहावी आली ती हीच, चारही कोपऱ्यांत एकेक. पुढची खेप बाराव्या वर्षाच्या सुमारास, सातव्या दाढांची.

दात घासून झाल्यावर लेकराला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवा आणि दाढ स्वच्छ फडक्याने पुसून कोरडी करा. ओल्या दातावर कीडीची सुरुवात दिसत नाही. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा उथळ, पसरट असतील आणि बाकी दात निरोगी असतील तर घाई नाही. खाचा अरुंद असतील, तळ दिसत नसेल, तर ब्रशचा केसही आत पोचत नाही. अशा वेळी सीलंट लावून घ्या. दुधाच्या दाढा आधीच किडल्या असतील, किंवा बिस्किटं-गोळ्या दिवसभर सुरू असतील, तर अजिबात थांबू नका.

नुसती काळी रेघ म्हणजे कीडच असं नाही. खाचेच्या कडेला खडूसारखा पांढरेपणा किंवा आतून करडी सावली दिसली तर मात्र दाखवाच. कीड अगदी सुरुवातीची असेल तर तिच्यावरही सीलंट चालतं, कारण खाली कोंडलेल्या जंतूंना खायला मिळत नाही. खड्डा पडला असेल तर फिलिंगच लागतं. टाचणीने टोकरून पाहू नका, कमकुवत झालेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) त्यानेच ढासळतं.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात, बहुतेक दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच. ती कीड नव्हे. पण 'आपल्या पाण्यात फ्लोराइड आहे, कीड लागणार नाही' हेही खरं नाही: फ्लोराइडचा फायदा दाताच्या गुळगुळीत बाजूंना जास्त, खाचांना कमी. कोणतं पाणी पिता ते डॉक्टरांना सांगा, पट्टे असलेल्या दातावर सीलंट धरायला जास्त काळजी घ्यावी लागते.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना सहावी दाढ मुद्दाम दाखवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतील तर सीलंट होतं का ते आधी विचारा. नाही तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे.

काम सुईविना होतं. दाढ साफ करून कापसाने कोरडी ठेवतात, 15 ते 30 सेकंद आम्लाचं जेल लावतात, धुऊन खडूसारखी पांढरी होईपर्यंत सुकवतात, मग सीलंट भरून निळ्या लाईटने घट्ट करतात. जेल धुतल्यानंतर लाळेचा एक थेंब लागला तरी सीलंट नीट धरत नाही, लवकर सुटतं. म्हणून लेकराला तोंड उघडून शांत बसता येणं फार महत्त्वाचं. घरी दोन-तीन दिवस सराव करून घ्या.

लावल्यावर दर सहा महिन्यांनी तपासा. कोपरा तुटला तर तेवढाच भाग पुन्हा भरता येतो. दोन दातांच्या मधल्या फटीतली कीड मात्र सीलंट अडवत नाही, म्हणून ब्रश सुटत नाही.

दाढ अर्धीच वर आली असेल, मागे हिरडीचा पडदा असेल, तर ती कोरडी राहत नाही. तोवर ग्लास आयोनोमरचं (दातांसाठीच्या एका सिमेंटचं) तात्पुरतं सीलंट लावता येतं. ते लवकर निघतं, पण फ्लोराइड सोडतं. तेही जमत नसेल तर दाढ पूर्ण वर येईपर्यंत रोज रात्री तुम्हीच घासून द्या: वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घ्या आणि ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घाला. नवी दाढ बाकीच्यांपेक्षा खाली असते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्या वरूनच निघून जातो.