उखा गढूळ आणि कडू होत होती, दोष कल्ल्यांचा निघाला

रशियातल्या कझानला शिकायला आल्यापासून उखा, म्हणजे रशियन माशाचं सूप, करतोय. दर वेळी पाणी गढूळ आणि चव कडवट. लिंबू पिळून पाहिलं, मिरी वाढवली, एकदा तर आपल्या कालवणासारखा कांदा परतून घातला. रंग आणखीच बिघडला. तीन पातेली ओतून दिली.

इथे सालमनची डोकी, शेपट्या, काटे 'सुपोवोय नाबोर' म्हणून स्वस्तात मिळतात. त्या डोक्यांत लाल कल्ले तसेच असतात. आता आधी ते कात्रीने मुळापासून कापतो, मग डोकी अर्धा तास गार पाण्यात ठेवून ते पाणी फेकतो. अर्ध्या किलोला दीड लिटर गार पाणी. उकळी फुटायच्या बेतात आच अगदी मंद, झाकण नाही, करडा फेस येईल तसा काढायचा. फेस थांबला की अख्खा कांदा, मिरी, मीठ. 25 मिनिटांनी गाळायचं. गाळलेल्या पाण्यात बटाटा-गाजर शिजलं की काट्यांवरून सोडवलेलं मांस घालायचं. तमालपत्र फक्त शेवटची 5 मिनिटं, नंतर काढून टाकायचं. राहिलं तर तेही कडवटपणा आणतं.

वरून शेपू. हो, आपलाच, भाजीचा. काल सूपमधून पातेल्याचा तळ दिसत होता.